आमचं धाबं आणि त्यांचे पत्रे

भडगावात नदीकडच्या अंगाला आमची आळी होती आणि आळीतली सगळी घरं धाब्याची होती. धाब्याचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतींवर जाड तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर काटक्या आणि निंबाचा पाला, आणि त्यावर हातभर जाडीचा मातीचा थर. सगळ्यात वर खारी, म्हणजे गावाबाहेरून आणलेली पांढरट माती, पाणी मारून चोपून बसवायची. असं छप्पर वरून अंगणासारखं सपाट असतं. पावसाआधी दर वर्षी नवी खारी टाकावी लागते. नाही टाकली तर गळतं आणि टाकली तरी थोडं गळतंच. आमचं चुलीशेजारी गळायचं आणि आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, उशाशी गळायचं. हल्ली लोक मातीच्या घरांबद्दल फार हळवं होऊन बोलतात. ते बहुतेक तिथे राहिलेले नसतात. धाब्यातून माती झडते, विंचू पडतात. एकदा माय भाकरी थापत होती तेव्हा परातीत गोम पडली. मायने ती चिमट्याने उचलून चुलीत टाकली, तेवढं पीठ बाजूला काढलं आणि भाकरी थापून पुरी केली. मला तीच भाकरी मिळाली की दुसरी, हे मी विचारलं नाही.

त्या घराचा खरा उपयोग वर होता. बांबूची निसणी चढून गेलं की नदीपर्यंतची सगळी धाबी एका पातळीत दिसायची. आमचं आणि शेजारच्या सोनाअक्काचं धाबं तर चिकटूनच होतं, मधे फक्त वीतभर उंचीचा कठडा. आमच्या धाब्यावर माय उन्हाळकामं करायची. पापड, कुरडया, शेवया सगळ्याच बायका करतात, पण मायचा हात बिबड्यांवर होता. भिजवून वाळवलेली ज्वारी जाडसर दळायची, कोंडा पाखडून काढायचा, पहाटे अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवायचं. उकळत्या पाण्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ आणि ते पीठ. माय आणि सोनाअक्का समोरासमोर उभ्या राहून एकाच दांड्याने ते घोटायच्या, आणि दांडा पातेल्याला लागून ठक ठक वाजायचा. त्या आवाजाने आळी जागी व्हायची. मग शिजलेला गोळा वर न्यायचा आणि ओल्या जुन्या लुगड्यांवर हाताने पातळ थापत जायचं. उन्हं वर येईपर्यंत अर्धं धाबं बिबड्यांनी भरलेलं असे. मी तेल घालून गरम घाटा, म्हणजे ते शिजलेलं पीठ, खायची, दुपारी कावळे हाकलायची आणि अर्धवट वाळलेले बिबडे चोरून खायची. ते ओलसर बिबडे पोटात बसतात असं माय म्हणायची. ते खरंच बसायचे.

हे बिबडे आमच्यासाठी नसत. स्टँडपलीकडची दुकानदारांची घरं, दोन डॉक्टर, शाळेतले मास्तर, सगळ्यांचे वर्षाचे बिबडे आमच्या धाब्यावर वाळत. ज्वारी त्यांची, हात आणि धाबं मायचं. ज्या शेठच्या धान्याच्या गोदामात आबा हमाल होते त्यांच्या घरचे बिबडेही मायच करायची. त्यांना लसूण चालत नसे, म्हणून त्यांचं पातेलं वेगळं. माझी शाळा या कामावर चालली होती. आबांच्या मजुरीवर घर चालायचं, पण ‘पोरीला आता शाळा कशाला’ हा प्रश्न घरात निघाला की माय वर बोट दाखवायची. विषय तिथे संपायचा.

आबांना धाब्याचा राग होता आणि त्याला कारण होतं. दिवसभर पोती वाहून आल्यावर वैशाखात खारीच्या पाट्या निसणीवरून चढवायच्या त्यांनाच. पाठ गेली होती. ते उताणे झोपू शकत नसत. एका कुशीवर पडून वरच्या तुळईकडे बघत राहायचे आणि तुळईला वाळवी लागली आहे असं दर चार दिवसांनी सांगायचे. वाळवी लागलेली होती, हे मी इथेच मान्य करून टाकते, कारण पुढे मी ज्या लोकांबद्दल बोलणार आहे त्यांचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं.

शेठचा पुतण्या प्रकाश जळगावहून कॉलेज करून आला होता. त्याने स्टँडपलीकडच्या दहापंधरा तरुण पोरापोरींचं एक मंडळ काढलं. गरिबांची घरं पावसाआधी स्वतः राबून दुरुस्त करून द्यायची असा त्यांचा बेत होता. मंडळाचं नाव त्यांनी ‘आम्ही शेजारी’ असं ठेवलं. त्यांची घरं आणि आमची घरं यांच्यामध्ये अख्खं गाव, बाजार आणि एक नाला होता. आमच्या आळीत त्यांच्यापैकी कोणी त्याआधी कधी आलेलं मला आठवत नाही. पण एक दिवस ते टेप घेऊन आले, दारासमोर चपला काढल्या, चहा प्याले, भिंती मोजल्या. तुळईत प्रकाशने पेन खुपसून पाहिला तर तो निम्मा आत गेला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गावातली पाच घरं ठरली, आळीतलं फक्त आमचं, आणि त्यात आमच्या घराला पहिला नंबर मिळाला. आबा शेठचे माणूस, त्यामुळे तो मिळणारच होता.

“मावशी, काळजी सोडा,” प्रकाश म्हणाला. “ही सगळी माती काढून टाकू आणि मस्त पत्रे टाकू. उतार देऊन. थेंब गळणार नाही.”

माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “भाऊ, एक तुळई बदली द्या,” ती म्हणाली. “बाकीनं बठ्ठं आम्ही देखी लेसूत.”

“लाकडाला दाता नाही मावशी. पत्रे आलेले आहेत. आमच्या एका पाहुण्यांचं पत्र्यांचं दुकान आहे, त्यांनी दिलेत.”

“मावशी म्हणस ना, मंग मावशीनं आयक. माले धाबं लागस.”

“अहो, ते धाबं एखाद्या दिवशी अंगावर येईल.”

“तेच म्हणतो मी,” आबा मधे पडले. प्रकाशशी ते गोदामातली मराठी बोलायचे. “भाऊसाहेब, तुम्ही टाका पत्रे. ती काय बोलते तिकडे लक्ष देऊ नका.” आणि मायला म्हणाले, “तू घरमा जाय.”

माय घरातच उभी होती. ती कुठे गेली नाही. प्रकाशने वहीत काहीतरी लिहिलं आणि हसून सगळे गेले. येत्या रविवारच्या पुढचा रविवार ठरला.

आज मी धुळ्यात पत्र्यांचंच दुकान चालवते. माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेलं, नवऱ्याला त्यात रस नव्हता, मी हातात घेतलं. पत्रा ही वाईट वस्तू नाही. मी रोज विकते आणि चांगला विकते. पण दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं मंडळ, कुठल्या ना कुठल्या कॉलेजची पोरं दुकानात येतात आणि सांगतात, ताई, गरिबांच्या घरांसाठी हवेत, भाव कमी लावा. मी त्यांना विचारते, त्या घरच्या बाईला विचारलंत का? ते म्हणतात, हो, ती फार खूश आहे. मी भाव कमी लावत नाही.

त्या दिवशी जेवताना घरात जे झालं ते मला शब्दाला शब्द आठवतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.

“धाबं काढं ते बिबडा कोठे टाकू मी? तुमना डोकावर?” माय म्हणाली.

“माती वाहीवाही मना मणका गया,” आबा म्हणाले. “तुले काय, तू वर जाई बसस.”

“मंग माती मी वाहसू.”

“आणि शेठले काय सांगू? मना बायकोले तुमना पत्रा नको?”

“सांगा ना. जीभ नही का?”

आबांनी ताट सरकवलं. शेठला नाही म्हणणं हे काही साधं नव्हतं. गोदामात पाठ गेलेला हमाल ठेवून घेतला होता तो शेठच्या मर्जीने. ही गोष्ट मायलाही माहीत होती. ती मऊ करून बोलली असती तर कदाचित काही वाट निघाली असती. माय मऊ करून बोलायची नाही. मीही बोलत नाही.

आळीची तऱ्हा वेगळी. आपल्याला पत्रे मिळाले नाहीत म्हणून सगळ्या आळीने आमच्याशी वैर धरलं. सोनाअक्का कठड्यापलीकडून ओरडली, “काय वं कौसा, पत्रा भेटना म्हणे तुले. आम्ही काय शेठना वैरी शेतस का?”

“माले नको शे तो पत्रा,” माय म्हणाली. “तू ले.”

“हा, आते मिजास दाखाड. भेटना म्हणून नको.”

माय खरं बोलतेय यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. फुकटचे पत्रे नको म्हणणारी बाई कोणी पाहिली नव्हती. बायका आमच्या ओट्यावरून जाताना पदर सावरून जायच्या. हातपंपावर माझी घागर मागे सरकवली जायची. उन्हाळकामाला एकमेकींकडे जायची आळीची पद्धत होती, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. ती आमच्यापुरती बंद झाली. माय सोनाअक्काकडे पापड लाटायला गेली तर सोनाअक्काने पोळपाट उचलून आत नेला. माय परत आली. तिने शेठच्या घरून आलेली ज्वारी निवडून भिजत घातली.

मी म्हटलं, “आता कशाला? रविवारी तर ते येणार.”

“म्हणूनच,” माय म्हणाली.

रविवारी आबा उजाडायच्या आधीच पत्र्यांच्या टेम्पोसोबत यायला म्हणून गोदामावर गेले. ते गल्लीच्या तोंडाशी वळले आणि मायने अंगणात पातेलं चढवलं. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला मला उभं केलं. सोनाअक्काचा जोर माझ्यात नव्हता, पीठ तळाला लागत होतं आणि माय मला शिव्या देत होती. ठक ठक ऐकून सोनाअक्का दारात आली, बघून आत गेली. आम्ही दोघींनी गोळे वर नेले आणि माय थापायला बसली. ती इतक्या वेगाने बिबडे थापत होती की मला लुगडी भिजवून अंथरायलाही वेळ पुरत नव्हता. दर वर्षी ती निसणीपासून वाट सोडायची. त्या दिवशी तिने वाट सोडली नाही. निसणीच्या डोक्यापासून पार मागच्या कठड्यापर्यंत बिबडे. पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही दोघी सोनाअक्काच्या बाजूच्या कोपऱ्यात कठड्यावर पाय वर घेऊन बसलो.

टेम्पो आला. पत्रे उतरवताना असा कडकडाट झाला की गल्लीतली कुत्री पळाली. मंडळाची पोरं पांढऱ्या टोप्या घालून आली होती. त्यांच्यासोबत शेठने गोदामातले दोन हमाल दिले होते, माती उकरायला. प्रकाश निसणी चढून वर आला आणि त्याचं डोकं तेवढं कडेवर दिसायला लागलं.

“मावशी, हे काय?”

“बिबडा.”

“आज?”

“ऊन आज शे.”

माय म्हणाली, “या, वर या. पाय ठेवा. तुमनाच घरना शेतस.”

खालून पोरं विचारत होती, काय झालं. प्रकाश उतरला. अन्नावर पाय द्यायचा, तोही आपल्याच घरच्या अन्नावर, हे त्याच्याने होणार नव्हतं. मायने हे धरूनच सगळं मांडलं होतं. तो वाईट मुलगा नव्हता. थोडा वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, “संध्याकाळपर्यंत वाळतील ना? मग आपण उद्या येऊ. एका दिवसाने काय होतं.” पोरांना बरंच वाटलं असावं. कोणीतरी नाश्त्याचं नाव काढलं. मी मायकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण पाय तिने कठड्यापलीकडे सैल सोडले होते. उद्या तिने कुरडया घातल्या असत्या, परवा आणखी काही. पावसाळा लागेपर्यंत तिने ते धाबं रिकामं ठेवलं नसतं. मला ते समजलं होतं, आणि आबांनाही समजलं.

गल्लीत आता बरीच गर्दी होती. लोटन नावाचा एक हमाल होता, आबांच्या बरोबरीचा. तो पत्र्यांच्या चळतीवर बसून बिडी ओढत होता. “काय दगडूभाऊ,” तो आबांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, “घरमा कोणं राज शे?”

हसले लोक. सोनाअक्का सगळ्यात मोठ्याने हसली.

आबांनी टेम्पोतली कुदळ उचलली. प्रकाश म्हणाला, “आबा, राहू द्या, उद्या येतो ना आम्ही.”

“उद्या नाही,” आबा म्हणाले. “आजच.”

ते निसणी चढले. चप्पल त्यांनी खाली काढली होती, हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे. ते बिबड्यांवरून चालत आले. ओले बिबडे त्यांच्या तळव्यांना चिकटत होते आणि फाटून लुगड्यावरून उचलले जात होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. धाब्याच्या बरोबर मध्यावर, चुलीच्या वर, त्यांनी कुदळ घातली. दोनतीन घावांत खारी फुटली, खालची भुसभुशीत माती दिसायला लागली आणि मग एक मोठं ढेकूळ घरात पडलं. आत पातेल्यांवर पडलं असणार, आवाज तसा आला. आबा थांबले नाहीत. त्यांची पाठ वाकत नव्हती, ते गुडघ्यांतून खाली वर होत होते.

मायने जवळच्या लुगड्याचं टोक धरून चांगले राहिलेले बिबडे आपल्या बाजूला ओढून घेतले. नंतर दुसरं टोक मला धरायला सांगितलं. आम्ही सोनाअक्काच्या धाब्यावरून, तिच्या निसणीने खाली उतरलो. तिने अडवलं नाही. एकदा छप्पर फुटल्यावर मंडळाच्या पोरांना वर यायला अडचण नव्हती. पहिला घाव त्यांना घालावा लागला नाही. ते गाणी म्हणत दिवसभर माती उपसत राहिले.

आबांचं चुकलं का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांची पाठ त्यांची होती, खारी त्यांनाच वाहावी लागायची, आणि शेठसमोर त्यांनाच उभं राहायचं होतं. एवढं सगळं मान्य. पण प्रकाश उद्या येतो म्हणाला होता. ज्यांचं अन्न होतं ते थांबायला तयार होते. आबा थांबले नाहीत. यापुढे मला जाता येत नाही.

मायने मात्र आपला निकाल लावून टाकला. त्या दिवसापासून ती आबांशी बोलली ती माझ्या तोंडून. आबा समोर बसलेले असायचे आणि ती म्हणायची, “मंगे, तुना बापले सांग, जेवण वाढेल शे.” मी सांगायची नाही, कारण त्यांनी ऐकलेलं असायचं. वाढायची ती पोटभर, गरम, वेळेवर. त्यात कधी खोट काढता आली नसती. घर पत्र्याचं झालं आणि वैशाखातल्या दुपारी आत बसणं अशक्य झालं. पत्रा तापून तडतडायचा आणि संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडायचा. आबांनी आपली खाट गल्लीत काढली. गळत मात्र नव्हतं, हे खरं. पहिल्या पावसात मी चुलीजवळ कोरडी बसून अभ्यास केला आणि पावसाच्या आवाजाने मला माझंच वाचलेलं ऐकू येत नव्हतं.

पण पावसाच्या आधी समारंभ झाला. पाचही घरं झाल्यावर मंडळाने आमच्याच दारापुढे मांडव घातला. लाउडस्पीकर आणला. शेठ आले, शेठाणी आल्या, पत्रे देणारे पाहुणे आले. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे आमच्या घराचे दोन मोठे फोटो लावले होते. ‘आधी’च्या फोटोत धाब्याच्या कडेवर मायची मिरची वाळत घातलेली दिसत होती. भाषणं झाली. मायला साडी दिली आणि प्रकाशने तिच्यापुढे माइक धरला. “मावशी, दोन शब्द बोला. कसं वाटतंय?”

माय कधी माइकवर बोलली नव्हती. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“घर चांगलं शे,” ती म्हणाली. “गळत नही. पण आते धाबं नही, ते बिबडा कोठे व्हतीन? शेठनी गच्ची मोठी शे, ऊन चांगलं येस. या सालपाईन मी बिबडा तठेच करसू. बठ्ठी आळीना बाया लई येसू. आपण शेजारी शेतस. शेठ काही नही म्हणाव नहीत.”

सगळ्या माना शेठकडे वळल्या. मग सोनाअक्काने टाळी वाजवली. मायच्या बाजूने ती नव्हती. शेठचं तोंड बघायला मिळालं म्हणून तिने वाजवली, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. तिच्यामागून सगळ्या बायकांनी वाजवली. शेठ हात जोडून उभे राहिले आणि अशा वेळी मोठी माणसं जे म्हणतात ते म्हणाले, “घर तुमचंच समजा.”

मायने ते समजून घेतलं. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी बाकीच्या घरांची ज्वारी घेऊन ती शेठच्या दारात उभी राहिली. आबांनी तुडवलेल्या बिबड्यांची ज्वारी तिने आपल्या पदरची भरून आणली होती, तीही शेठाणींसमोर ठेवली. शेठचं घर आतून बघायला मिळणार म्हणून वैर विसरून आळीतल्या बायकाही आल्या. शेठच्या गच्चीचा जिना घराच्या आतून होता. बैठकीतून, देवघरासमोरून, मग जिना. बायका ओल्या पायांनी जायच्या, पदराला पीठ, हातात टपकणारी लुगडी, मोठ्याने बोलत. सोनाअक्का दर खेपेला झोपाळ्यावर बसून एक झोका घ्यायची. मागच्या अंगणात पातेलं चढायचं आणि दांडा पहाटेच ठक ठक वाजायला लागायचा. शेठाणी पहिल्या वर्षी हसून बोलल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचं डोकं दुखत होतं. त्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येकीला पाय पुसायला लावायच्या. मायला ‘या, बसा’ म्हणायच्या त्या बंद झाल्या. त्या म्हणायच्या, “कौसा, किती दिवस चालणार तुमचं?” माय म्हणायची, “ऊन शे तोवर.” मी तेव्हा दहावीत होते. मला त्या घरात शिरताना लाज वाटायची. मायला वाटत नव्हती आणि माझी वाटलेली तिला आवडत नव्हती.

तिसऱ्या वर्षी गच्चीच्या दाराला कुलूप होतं.

आम्ही मागच्या अंगणात पीठ घोटून गोळे पराती भरून आत आणले तेव्हा ते दिसलं. शेठाणी बैठकीत उभ्या होत्या. गच्चीला नवा रंग दिला आहे, त्यावर पाय द्यायचा नाही असं त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी ज्वारी बघायला त्या स्वतः आल्या होत्या तेव्हा रंगाचं काही बोलल्या नव्हत्या. बायका मायकडे बघायला लागल्या. शिजलेलं पीठ गार होऊ दिलं की थापताना त्याला तडे जातात आणि सगळं फुकट जातं. परातींतून वाफ निघत होती. सोनाअक्का हळूच म्हणाली, “चाल वं, मना धाबावर चाल.” इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं होतं.

मायने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने खांद्यावरचं ओलं लुगडं काढलं, शेठच्या बैठकीतल्या संगमरवरी फरशीवर पसरलं, सुरकुत्या काढल्या, आणि मांडी घालून बिबडे थापायला बसली. एक झाला. दुसरा झाला. मी दुसरं लुगडं पसरलं. लाज वगैरे काय होती ती कुठे गेली कोण जाणे. बाकीच्या बायकाही बसल्या. सोफ्यापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत रांग गेली.

“कौसा, उठ,” शेठाणी म्हणाल्या.

“हाऊ गोळा संपाडस आणि उठस.”

शेठाणी आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या आणि गच्चीची किल्ली त्यांनी मायच्या पुढ्यात टाकली. ती फरशीवरून घसरत परातीला लागली. बायकांचे हात थांबले.

मायने हातातला बिबडा कडेपर्यंत पातळ करून घेतला. पाण्यात बोटं बुडवली आणि पुढचा गोळा उचलला.

“पराती वर ल्या,” ती बायकांना म्हणाली. मग शेठाणींकडे मान वर करून, गोदामातल्या मराठीत, अगदी नीट बोलली. “इथले आता हलवता येणार नाहीत, मोडतील. पंखा लावा, म्हणजे लवकर वाळतील.”

शेठाणींनी पंखा लावला.